आजी ‘२७ देश फिरल्या’, पण कोणते आणि कशा?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात रोज येणाऱ्या निधनवार्ता आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास कुटुंबीय पाठवतात ते स्मरणलेख, यांविषयी हे पत्र आहे.

निधनवार्तेचा साचा ठरलेला आहे. वृद्धापकाळाने निधन, वय ९१, पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं असा परिवार. अलीकडे त्यात एका वाक्याची भर पडते: ‘त्यांना प्रवासाची विलक्षण आवड होती. काशीयात्रा, चारधाम करून त्यांनी २७ देशांना भेटी दिल्या होत्या.’ वर्षभरानं घरच्यांना आईवर, आजीवर दोन पानं लिहावीशी वाटतात, तेव्हा या वाक्याच्या पुढे कुणालाच काही सांगता येत नाही. काशी कोणत्या साली? बरोबर कोण होतं? २७ देश म्हणजे नेमके कोणते? उत्तरं घरातच असतात. तेराव्यानंतरच्या आवराआवरीत मात्र त्यांतली निम्मी रद्दीवाल्याकडे जातात, काही बोहारणीकडे द्यायच्या साड्यांच्या घडीत राहतात आणि उरलेली तिच्या मोबाइलमध्ये असतात. तो मोबाइल तोवर पुसून कामवाल्या बाईंच्या मुलाला दिलेला असतो. कुटुंबांचे कागद, फोटो आणि ध्वनिफिती जतन करण्याचं काम आम्ही करतो. त्यातून माहीत झालेलं थोडं सविस्तर लिहीत आहोत.

आधी देशांचा आकडा बाजूला ठेवावा. युरोपच्या पंधरा दिवसांच्या सहलीत लिक्टनस्टाइन अर्ध्या तासात ‘होतं’ आणि व्हॅटिकन दुपारच्या जेवणाआधी. याउलट लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत सहा महिने राहिलेल्या आजीच्या नावावर एकच देश, एकच शिक्का. त्या सहा महिन्यांत तिनं डिंकाचे लाडू वळले, बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं, ओवा-शेपाची धुरी दिल्यावर छतावरचा धुराचा भोंगा वाजू लागला तर तो कसा बंद करायचा ते शिकली, शिवाय एकटीनं बसनं जाऊन भाजी आणली. याला ‘परदेश सहल’ म्हणणं चूक आहे, ते काम होतं. स्मरणलेखात ते काम म्हणूनच यावं. तिची खरी धडाडी बहुधा याच मुक्कामात दिसते, आयफेल टॉवरखालच्या फोटोत नाही.

आता पासपोर्ट. नूतनीकरण झालं की जुनी पुस्तिका रद्द करून परत मिळते, म्हणून घरात दोन-तीन तरी असतात. हातानं लिहिलेले, यंत्रानं वाचता न येणारे पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ नंतर आंतरराष्ट्रीय प्रवासाला चालेनासे झाले, तेव्हा अनेकांनी ते फेकून दिले. तुमच्याकडे असतील तर जपा. सगळी पानं, कोरीसुद्धा, ओळीनं स्कॅन करा. जुन्या पुस्तिकेत मुलांची नावं आईच्या पासपोर्टावर चढवलेली असत. पासपोर्ट कोणत्या देशांसाठी वैध आहे याची नोंद असे आणि वर्णभेदाच्या काळात त्यात दक्षिण आफ्रिका वगळलेली असे. मागच्या पानांवर परकीय चलन किती दिलं, कोणत्या तारखेला, हे बँकेच्या शिक्क्यासह लिहिलेलं असतं. ते पान दुर्लक्षित राहतं, पण बाई किती पैशांत परदेशी गेली याचा त्याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

शिक्के वाचताना सुरुवात भारतीय शिक्क्यांपासून करावी. मुंबईहून प्रस्थान आणि मुंबईत आगमन अशी जोडी लावली की प्रत्येक प्रवासाची चौकट मिळते; मधले परदेशी शिक्के त्या चौकटीत बसवायचे. शिक्के पानांच्या क्रमानं नसतात, अधिकारी मिळेल त्या पानावर मारतो, त्यामुळे पुस्तिका पुढून मागे वाचत गेलं की गोंधळ होतो. आणखी एक गफलत नेहमीची: विमान रात्री दोनचं असलं तरी प्रस्थानाचा शिक्का बऱ्याचदा आदल्या तारखेचा, कारण इमिग्रेशन बाराच्या आत उरकलेलं असतं. तिकिटावर १२ मे आणि शिक्क्यात ११ मे दिसलं म्हणून कुणाला खोटं ठरवू नये.

युरोपच्या शिक्क्यांकडे नीट पाहावं. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटाचा, प्रवेशाचा शिक्का चौकोनी असतो आणि बाहेर पडतानाच्या शिक्क्याचे कोपरे गोलसर असतात. डाव्या वरच्या कोपऱ्यात देशाचं आद्याक्षर, उजवीकडे विमान, आगगाडी, मोटार किंवा जहाजाचं छोटं चित्र, मध्ये तारीख, खाली ठाण्याचं नाव. मार्च १९९५ मध्ये ही व्यवस्था सुरू झाल्यापासून आत शिरताना एक आणि बाहेर पडताना एक एवढेच शिक्के लागतात. म्हणजे १९९८ नंतर फ्रँकफर्टला उतरून रोमहून परतलेल्या आजीच्या पासपोर्टात ऑस्ट्रिया किंवा बेल्जियम सापडणार नाही, ती तिथे चार दिवस राहिली असली तरी. स्वित्झर्लंड या व्यवस्थेत डिसेंबर २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या सहलीत त्याचा वेगळा व्हिसा दिसतो. ब्रिटनचा तर कायमच वेगळा. नेपाळ आणि भूतानला भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, त्यामुळे पशुपतिनाथाला दोनदा जाऊन आलेल्या बाईच्या पासपोर्टात काठमांडूचं नावही नसतं. हे ठाऊक नसल्यानं नातवंडं पासपोर्टावरून यादी करतात आणि तिच्या आयुष्यातला पहिला परदेशच वगळून टाकतात.

ज्यांच्या आया-आज्या अजून फिरताहेत त्यांनी लक्षात घ्यावं की शिक्क्यांचे दिवस संपत आले. हाँगकाँग २०१३ पासून शिक्क्याऐवजी चिठ्ठी देतं, सिंगापूरनं डिसेंबर २०२० पासून परदेशी प्रवाशांना शाईचा शिक्का मारणं थांबवलं, युरोपनं ऑक्टोबर २०२५ पासून संगणकीय नोंद सुरू केली. मग पुरावा उरतो बोर्डिंग पासचा, आणि तो असतो थर्मल कागदावर. त्यावर शाई नसते, उष्णतेनं काळा होणारा लेप असतो. तो उजेडानं, गरमीनं आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या रसायनानं काही वर्षांत पुसट होतो. त्यावर लॅमिनेशन केलं तर गरम रुळाखाली अख्खा कागद तिथल्या तिथे काळा पडतो. त्यामुळे घरी आल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवावा. लॅमिनेशन कुठल्याच जुन्या कागदाचं करू नये, ते पुन्हा सोडवता येत नाही.

पासपोर्टधारकाच्या निधनानंतर पासपोर्ट मृत्यू दाखल्याच्या प्रतीसह पासपोर्ट कार्यालयात रद्द करून घ्यावा आणि देतानाच ‘आठवण म्हणून परत हवा’ असं अर्जात लिहावं. त्याआधी स्कॅन केलेला असावा हे ओघानं आलंच.

पासपोर्ट काढण्याआधीचा प्रवास शोधणं जास्त अवघड आणि, आमच्या मते, जास्त मोलाचं. नव्वदी पार केलेल्या पिढीतल्या बाईनं भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं कोकण गाठलेलं असतं, एसटीनं पंढरपूर आणि अष्टविनायक केलेले असतात, यात्रा कंपनीबरोबर काशी-प्रयाग-गया झालेलं असतं. यांची तिकिटं मिळतील या आशेवर राहू नये. रेल्वेचं पुठ्ठ्याचं जुनं तिकीट उतरल्यावर दारात तिकीट तपासनीस काढून घेत असे, ते घरी येतच नसे. मिळतात ती पत्रं आणि हिशेबाच्या वह्या. पोस्टकार्डावर किंवा अंतर्देशीय पत्रावर टपालाचे दोन शिक्के असतात, टाकलं तिथला आणि पोचलं तिथला. दोन्हींवर गाव आणि तारीख. तिकीट जमवण्याच्या हौसेपायी कुणी पत्राचा कोपरा कापला की गाव आणि तारीख दोन्ही जातात. पत्राच्या आत तारखेऐवजी तिथी असेल आणि शके दिलेला असेल तर चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवा, डिसेंबर संपला की ७९. वैशाख शके १८९४ म्हणजे १९७२.

हिशेबाची वही सगळ्यात बोलकी. ‘मोगलसराय हमाल’, ‘धर्मशाळा दोन रात्री’, ‘गंगेची लोटी, डाग देऊन’ (लोटीच्या तोंडाला झाळ लावून ती बंद करत), ‘अक्कांना उसने’ अशा ओळींतून मार्ग, मुक्काम, सोबत आणि ऐपत सगळं कळतं. ही वही बहुतेक वेळा किराण्याच्या यादीच्या मागच्या पानांवर उलटी लिहिलेली असते. म्हणून जुनी वही रद्दीत टाकण्याआधी उलटी धरून मागूनही चाळावी. आजोबा किंवा ती स्वतः केंद्र सरकारी नोकरीत असतील तर रजा प्रवास सवलतीचे कागद शोधा. चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कुठेही जायची मुभा असे. कन्याकुमारी, काश्मीर, दार्जिलिंग हे प्रवास बहुधा त्यातले असतात आणि त्या दाव्याला गाडी, वर्ग, अंतर अशी सगळी माहिती जोडलेली असते. रेल्वेत नोकरी असेल तर पास.

तीर्थस्थळी उपाध्यांच्या वह्या असतात, त्या फार जणांच्या लक्षात येत नाहीत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथे तुमच्या घराण्याचे म्हणून ठरलेले उपाध्ये असतात आणि आलेल्या यजमानाची नोंद त्यांच्या वहीत होते: मूळ गाव, आडनाव, गोत्र, तीन पिढ्यांची नावं, कशासाठी आले, तिथी, खाली सही. आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर जाल तेव्हा विधी उरकल्यावर वीस मिनिटं बसा आणि जुनी नोंद दाखवायची विनंती करा. जाताना मूळ गाव नक्की माहीत करून घ्या, सध्याचं नव्हे. वह्या गावाच्या नावानं लावलेल्या असतात आणि ‘आम्ही ठाण्याचे’ म्हटलं तर काहीच सापडत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या नोंदी मोडी लिपीत असण्याची शक्यता धरून चाला. फोटो परवानगी घेऊनच काढावा, तिथे इतर घराण्यांचीही नावं असतात. त्या वेळी तुमची नवी नोंद होईल, तीत तिचं माहेरचं नाव आणि आडनाव आग्रहानं लिहवून घ्या. नाहीतर ती ‘अमक्याची पत्नी’ म्हणूनच राहते.

माहेरच्या नावाचा मुद्दा शोधाशोधीच्या कामाचा आहे. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलत असे. ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव पुढे कायमचं. त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला एका नावानं, पासपोर्ट दुसऱ्या, माहेरच्या पत्रांत ती तिसरीच कुणी ‘बेबी’ किंवा ‘ताई’. ही सगळी नावं एका कागदावर लिहून तो बाकी सगळ्या कागदांच्या वर ठेवावा. मृत्यू दाखला, वारसा, बँक इथेही हाच कागद उपयोगी पडतो.

आई किंवा आजी हयात असेल तर विचारायची पद्धत बदला. ‘तू दार्जिलिंगला कोणत्या साली गेलीस?’ याचं उत्तर ‘झाली असतील पुष्कळ वर्षं’ एवढंच येणार. तिच्या कालगणनेतल्या खुणा धरून विचारा. पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) तेव्हा गेली होतीस का? कोयनेच्या भूकंपाआधी (११ डिसेंबर १९६७) की नंतर? बहात्तरचा दुष्काळ, चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यातला रेल्वेचा संप, आणीबाणी, स्कायलॅब पडणार म्हणून लोक घाबरले तो जुलै १९७९, इंदिरा गांधी गेल्या तो दिवस, किल्लारी, गणपती दूध प्यायला तो २१ सप्टेंबर १९९५. ‘गणपती दूध प्यायला तेव्हा आम्ही हरिद्वारला होतो, तिथेही रांग लागली होती’ असं वाक्य आलं की तारीख हातात आली. नाशिकचे सिंहस्थ बारा-बारा वर्षांनी, त्यांचाही उपयोग होतो. घरातली बाळंतपणं आणि मुलांच्या दहावी-अकरावीच्या परीक्षा या तर तिच्या सर्वांत पक्क्या खुणा.

ध्वनिमुद्रण करणार असाल तर एका वेळी ४० मिनिटांपेक्षा जास्त नको. पंखा बंद, कुकर लावलेला नको, फोन विमान-स्थितीत आणि तिच्यापासून दीड-दोन फुटांवर, टेबलावर नव्हे तर घडी केलेल्या टॉवेलवर. टेबलावर बोटं आपटली तरी तो आवाज शब्दांवर चढतो. हातात एक फोटो किंवा नकाशा द्या. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, ‘छान वाटलं’ असंच उत्तर येतं. पैसे कुठे ठेवले होते, असं विचारा. परकराला आतून शिवलेला खिसा निघेल. पाणी कुठून आणलं, सोवळ्याचं काय केलं, वाटेत कोण आजारी पडलं, पहिल्यांदा पंजाबी ड्रेस आणि बूट कधी घातले आणि सासूबाई काय म्हणाल्या, हे विचारा. पाळीची तारीख यात्रेत येऊ नये म्हणून गोळ्या घेणं ही त्या पिढीच्या बायकांच्या प्रवासातली नेहमीची गोष्ट होती. मुलानं विचारलं तर ती सांगणार नाही, सुनेला किंवा नातीला सांगेल. मुलाखत कुणी घ्यायची ते घरात ठरवताना याचाही विचार व्हावा.

ती हयात नसेल तर तिच्या सोबतिणी गाठा. यात्रा कंपनीच्या सहलीत पहिल्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो काढण्याची रीत आहे, पुढे कंपनीची पाटी आणि वर्ष. भिशी, भजनी मंडळ, योगवर्ग यांतल्या दोघी-तिघी त्यात निघतातच. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये.

फोटोंचं थोडं जास्त लिहितो, कारण तिथे नुकसान माणसाच्या हातानं होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर होतात. अंधारात ठेवले तरी होतात. त्या कागदावरचा निळसर रंग आधी उडतो. ते थांबवता येत नाही, म्हणून स्कॅन करायला उशीर करू नये. काळे-पांढरे फोटो टिकाऊ, त्यांचे शत्रू कसर आणि बुरशी. मोठा त्रास देतात ते ‘चिकट पानांचे’ अल्बम, पारदर्शक कागद उचलून फोटो दाबून बसवायचे ते. त्यातला गोंद पिवळा पडून घट्ट होतो आणि फोटो ओढला की वरचा थर फाटतो. आधी प्रत्येक पानाचा, शेजारच्या मजकुरासह, आहे तसा फोटो काढा. अल्बममधला क्रम हीसुद्धा माहिती आहे. मग दंतदोरा (दातांच्या फटी साफ करायचा धागा) फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवून, करवतीसारखा हळू मागेपुढे करत, पानाला लगटून न्या. फोटो वाकवायचा नाही, वाकवायचं ते पान. तरी सुटत नसेल तर सोडून द्या आणि पानासकट स्कॅन करा. हेअर ड्रायरनं गोंद सुटतो खरा, पण फोटोचा वरचा थरही मऊ होतो. तो प्रयोग नको. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करावं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात अल्बम उघडला की दमट हवा आत जाऊन महिन्याभरात पांढरी बुरशी दिसते.

ठेवायच्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या घ्या. उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी, ते नको. डांबराच्या गोळ्या फोटोंत किंवा फितींत कधीही टाकू नका; त्यांची वाफ प्लॅस्टिकला मऊ करते आणि पुन्हा खड्यांसारखी जमते. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून त्या पुन्हा वापरता येतात. माळा आणि बाथरूमला लागून असलेली भिंत टाळून लोखंडी कपाटाचा मधला कप्पा निवडावा. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नये, ते पुढून उमटतं; जुन्या कागदावर मऊ पेन्सिल चालते, नंतरच्या प्लॅस्टिक-लेपाच्या कागदावर ती उमटतच नाही, तिथे पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला.

स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० बिंदू) पुरेसं. चार बाय सहा इंची फोटोची त्यातून २४०० गुणिले ३६०० बिंदूंची प्रतिमा होते, टिफ या फाइल-प्रकारात साधारण २६ एमबी. तीनशे फोटो आठ जीबीच्या आत बसतात, तेव्हा जागा वाचवण्यासाठी गुणवत्ता कमी करू नका. निगेटिव्ह आणि स्लाइड यांना ३००० ते ४००० डीपीआय लागतं. स्लाइडच्या चौकटीवर छापलेला महिना फिल्म धुतल्याचा असतो, फोटो काढल्याचा नव्हे. प्रिंटच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत आलेल्या तारखेवर तर मुळीच भिस्त ठेवू नका: सेल बदलला की कॅमेरा स्वतःच्या ठरावीक तारखेवर जायचा आणि ती दुरुस्त करायची खटपट फारसं कुणी करत नसे. फाइलचं नाव वर्षानं सुरू करावं, मग महिना, मग गाव. संगणक आपोआप क्रम लावतो. वर्ष नक्की नसेल तर दशक लिहा, अंदाज ठोकून देऊ नका.

कॅसेटचं एवढंच की जुनी कॅसेट थेट वाजवायला घेऊ नये. आधी कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरट ठिपके आहेत का ते पाहावं. असतील तर ती बुरशी आहे आणि यंत्रातून बाकीच्या कॅसेटनाही लागते. ठीक असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करून मग वाजवावी आणि पहिल्याच वेळी मुद्रित करावी, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात. साठ मिनिटांची कॅसेट स्टिरिओत सुमारे एक जीबी होते. अमेरिकेतून मुलीला पाठवलेल्या ‘बोलत्या पत्रां’च्या कॅसेटवर वरून भजनं भरलेली असतात, म्हणून दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकाव्यात.

गेल्या दहा-बारा वर्षांतला सगळा प्रवास मोबाइलमध्ये असतो आणि तो सर्वांत आधी नाहीसा होतो. घरच्यांनी निधनानंतर आठवड्याभरात सिम बंद करू नये. प्रीपेड सिम साधारण ९० दिवस वापरात नसलं की बंद होऊ शकतं आणि नंतर तोच क्रमांक दुसऱ्याला मिळतो. ईमेल आणि फोटोंच्या खात्यांचे सांकेतिक क्रमांक (ओटीपी) त्याच मोबाइल क्रमांकावर येतात. (ते वापरून बँकेतून पैसे काढू नयेत. तो गुन्हा ठरू शकतो, बँकेला आधी कळवावं.) व्हॉट्सॲप खातं १२० दिवस निष्क्रिय राहिलं की काढून टाकलं जातं. गूगल दोन वर्षं न उघडलेलं खातं त्यातल्या फोटोंसह पुसू शकतं. आजी हयात असतानाच तिच्या गूगल खात्यात ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ (खातं ठरावीक काळ वापरलं गेलं नाही की नेमलेल्या माणसांना त्यातलं मिळण्याची सोय) चालू करून द्यावा. तीन ते अठरा महिन्यांची मुदत निवडता येते आणि दहापर्यंत विश्वासू माणसं नेमता येतात. आयफोन असेल तर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे पश्चात खातं उघडू शकेल असं माणूस, नेमून ठेवावं.

फोनमधले फोटो उतरवून घेताना ते एकमेकांना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नयेत. तसं केलं की आकार घटतो आणि फोटो कधी, कुठे काढला ही आत दडलेली माहिती गळून जाते. केबलनं उतरवा, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ‘आयएमजी-२०१९०४१२-डब्ल्यूए०००३’ अशा नावाचा फोटो १२ एप्रिल २०१९ ला काढलेला असतो असं नाही, त्या दिवशी तो व्हॉट्सॲपवर आलेला किंवा गेलेला असतो. फोटो महिनाभर आधीचाही असू शकतो.

हे सगळं जमल्यावर लिहायला किती लागतं? फार नाही. ‘त्यांनी उत्तर भारताची यात्रा केली’ याऐवजी ‘मे १९७२ मध्ये, दुष्काळाच्या वर्षी, दोन जावा आणि शेजारच्या एका काकूंबरोबर त्या काशी-प्रयाग-गया करून आल्या, घरातल्या पुरुषांपैकी कुणीही बरोबर नव्हतं’ एवढं लिहिलं तरी बाई डोळ्यांपुढे उभी राहते. कुठे नक्की नसेल तिथे ‘१९८० च्या सुमारास’ म्हणावं. केदारनाथला गेल्या असतील तर चालत, घोड्यावर की डोलीतून, हे लिहावं. २०१३ च्या पुराआधी गौरीकुंडापासूनची ती वाट १४ किलोमीटरची होती. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत फिरणाऱ्या पार्वतीबाई आठवले १९१८ मध्ये पंचेचाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या, तिथे पडेल ते घरकाम केलं. त्याही एका मुलाच्या आई होत्या. हे आपल्याला माहीत आहे ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं म्हणून. बहुतेक आयांनी लिहिलेलं नाही, तेव्हा ते काम मुलांवर आणि नातवंडांवर येतं.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक विनंती. निधनवार्तेच्या छापील अर्जात नाव, वय, पश्चात परिवार आणि अंत्यविधीची वेळ एवढेच रकाने असतात. त्यात स्त्रियांसाठी माहेरचं पूर्ण नाव आणि जन्मगाव असे दोन रकाने वाढवावेत आणि त्या दोन ओळींचे पैसे लावू नयेत. वर्षश्राद्धाच्या स्मरणलेखासोबत येणारा मूळ फोटो कुटुंबाला परत करण्याची व्यवस्था असावी. पुष्कळदा घरात त्याची दुसरी प्रत नसते.

आपले,
कौटुंबिक कागदपत्रांच्या जतनाचं काम करणारे काही वाचक
पुणे